कौलावरचा दात

माणसाचं सगळं जातं, दात राहतात. देह मातीला मिळतो, हाडांचा भुगा होतो, पण दात शेकडो वर्षं जमिनीत तसेच पडून असतात, आणि त्यांच्याकडे बघून विद्वान लोक सांगतात की हा माणूस काय खात होता, कुठून आला होता, किती वर्षं जगला. राज्यं बुडतात, दाढा उरतात. आमच्या घरात मात्र दातांना इतका वेळ कुणी देत नसे. पडल्यापासून पाच मिनिटांच्या आत ते मागच्या मोरीच्या कौलांवर जात.

हे काम अक्काचं. अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. माझे वडील म्हणजे अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊही तिला अक्काच म्हणायचो. दूधवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली समोरच्या घरातली बाईही म्हणायची. तिनं लग्न केलं नव्हतं. एका सरकारी कचेरीत ती टायपिस्ट होती, आणि आमच्याकडे राहायची. खरं म्हणजे आम्ही तिच्याकडे राहायचो, कारण घर कसं चालावं हे तीच ठरवायची.

अण्णांनी जे. पी. नगरात घर बांधलं तेव्हा आजूबाजूला निलगिरीची झाडं, रिकाम्या साइटी म्हणजे प्लॉट, आणि कुणाच्या तरी गाई होत्या. घर स्लॅबचं होतं, पण मागच्या धुण्याच्या मोरीवर मंगळुरी कौलंच हवीत असा अक्काचा हट्ट. इंजिनियरनं कारण विचारलं. ती म्हणाली, "स्लॅबवर दात टाकला तर कावळा नेतो." इंजिनियरनं नकाशावर कौलं काढून दिली.

पद्धत अशी होती. पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालायचा, कौलांकडे पाठ करायची, खांद्यावरून मागे फेकायचा आणि चिमणीला सांगायचं, जुना घे, नवा दे. कुठं पडला ते बघायचं नाही. आम्हा दोघा भावंडांचे सगळे दात असेच गेले, आणि नवे आले. पद्धतीचा दोष काढायला आमच्याकडे काही जागा नव्हती.

अक्काचा स्वतःचा वरचा एक पुढचा दात खोटा होता. गुलाबी पट्टीवर बसवलेला, तारेच्या आकड्यानं अडकवायचा. सोळाव्या वर्षी पेठेतल्या जुन्या घराच्या दगडी पायरीवर ती तोंडावर पडली होती. ती हसली की ती पट्टी सुटायची. म्हणून हसू आलं की अक्का पदर तोंडावर घ्यायची. आणि तिला हसू फार यायचं. ती हसते आहे हे आम्ही तिच्या खांद्यांवरून ओळखायचो. फोटोत मात्र ती इतकी गंभीर दिसायची की पाहुणे विचारत, या हेडमिस्ट्रेस होत्या का?

माझ्या सोळाव्या वर्षी आमच्या इकडच्या मराठी लोकांच्या मंडळानं दंतचिकित्सा शिबिर घेतलं. मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. आमची घराणी तीनशे-चारशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे कन्नड मुलखात आली. मंडळाच्या भाषणांत ती नेहमी घोड्यावरून येतात. माझा अंदाज असा की आमचे पूर्वज बैलगाडीतून आले, आणि कारकून म्हणून आले. तेव्हापासून आम्ही बहुतेक तेच करत आलो आहोत. पण मंडळात सगळ्यांना फेटे बांधायचे असतात, दाताच्या शिबिरालासुद्धा.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. समई पेटेना, कारण वर पंखा होता. पंखा बंद करायचा की समई हलवायची यावर अध्यक्ष आणि कार्यवाह यांचं एकमत होईना. मग शाल, श्रीफळ, चंदनाचा हार. पाहुणे पाऊण तास बोलले. मजबूत दातांशिवाय मजबूत समाज नाही, असा त्यांचा मुद्दा होता. बोलताना ते मधे मधे थांबत, कारण त्यांच्या तोंडात विडा होता.

ज्यांच्यासाठी हे सगळं होतं त्या दंतवैद्यांना शेवटी तीन मिनिटं मिळाली. चाळिशीचे, बारीक आवाजाचे, साध्या शर्टातले गृहस्थ. ते कन्नडमध्ये बोलू लागले. सभागृहातल्या प्रत्येकाला कन्नड मराठीपेक्षा बरी येत होती, पण मंडळ मराठी असल्यामुळे भाषांतर झालंच पाहिजे असं अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि अण्णांना माइकपाशी उभं केलं. दंतवैद्य म्हणाले, आणि अण्णांनी पुन्हा म्हटलं: मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो टाकू नका. मुळाला हात लावू नका, पांढऱ्या बाजूनं धरा. घासू नका. जमलं तर तिथल्या तिथं जागेवर बसवा. नाही जमलं तर दुधात घाला आणि तासाच्या आत माझ्याकडे या.

सगळ्यांनी हे दोनदा ऐकलं. अक्कानं एकदाही नाही. ती आत स्वयंपाकघरात होती. उप्पिट आणि केसरीभात तीनशे माणसांना पुरवायची जबाबदारी मंडळानं तिच्यावर टाकली होती, आणि तिनं ती पार पाडली. शिबिरात त्या दिवशी नीट झालेली ती एकच गोष्ट.

पुढे चार-पाच महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, आई धाकट्याला घेऊन धारवाडला माहेरी गेली होती. मी सोळा वर्षांची. ट्यूशनला निघाले होते. आमच्या लोखंडी गेटची कडी पावसाळ्यापासून घट्ट बसली होती. दर रविवारी अण्णा तिच्याकडे बघून म्हणायचे, "तेल घालायला पाहिजे." पुढे काही व्हायचं नाही. त्या दिवशी मी एक पाय कंपाउंडच्या भिंतीला लावला आणि दोन्ही हातांनी कडी ओढली. कडी सुटली. गेट माझ्याच बाजूला उघडायचं, हे मी विसरले होते.

दुखलं असं लगेच नाही. तोंडात लोखंडाची चव आली. समोर सिमेंटच्या पायरीवर एक दात पडला होता. त्याची लांबी बघून मला आश्चर्यच वाटलं. जेवढा दिसतो तेवढाच दात असतो अशी माझी तोवर समजूत होती.

मी तो उचलला आणि मागच्या अंगणात अक्काकडे गेले. ती मोरीपाशी तांदूळ धूत होती. मी तळहात पुढे केला. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे.

"अय्यो देवा!" ती म्हणाली, दात घेतला, कौलांकडे पाठ केली, खांद्यावरून मागे फेकला, चिमणीला सांगायचं ते सांगितलं, आणि मग वळून माझ्या तोंडाला ओला पंचा दाबला.

हे सगळं दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा इतक्या चपळाईनं झालं. मला तिला दोष द्यावासा कधीच वाटला नाही. घाबरलेलं माणूस आधी सवयीचं काम करून मोकळं होतं, मग विचार करतं. मीही तिला अडवलं नाही. कुठं तरी मलाही वाटलं असणार की आता नवा येईल.

आवाज ऐकून अण्णा हातात पेपर घेऊन आले.

"काय झालं गं? तोंड उघड. अरे रामा! दात कुठाय?"

"टाकला की," अक्का म्हणाली.

"कुठं टाकला?"

अक्कानं मानेनंच वर दाखवलं. अण्णांनी कौलांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अक्का, पक्का दात होता तो. तो परत येत नाही."

"ते मला माहीत नाही काय? पडला म्हणून टाकला. हातात धरून बसायचा काय त्याला?"

"लावता येतो! तासाभरात नेला तर परत बसवता येतो. त्या डॉक्टरांनी शिबिरात सांगितलं नव्हतं का? मीच सांगितलं, मराठीत!"

"मी आत उप्पिट वाढत होते," अक्का म्हणाली.

  तिनं माझ्या तोंडातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. वरचा, पुढचा, डावीकडचा. तिचा होता तोच. मग तिनं विचारलं, "किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं असतील."

बावन्न वर्षांच्या अक्कानं पदर खोचला, धुण्याच्या दगडावर चढली, तिथून हौदाच्या कठड्यावर आणि तिथून कौलांवर. अण्णा "मी जातो, मी जातो" म्हणत होते, पण अण्णांचं वजन पेलतील अशी कौलं मंगळुरात अजून निघाली नव्हती. ते खाली उभे राहून सूचना देऊ लागले.

"हळू! मधल्या कौलावर पाय नको! सापडला तर मुळाला हात लावू नको, पांढऱ्या बाजूनं धर!"

"तू गप्प बस की स्वल्प. दूध आण जा."

थोड्या वेळानं वरून ओरडली, "सापडला, सापडला!" आणि कौलांच्या कडेवरून हात खाली केला. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं.

"हा नव्हे. हा इवलासा आहे. हा दुसरीतला असणार."

"कुणाचा गं हा?"

"अक्का, ते नंतर!"

तो तिनं पदराच्या टोकाला बांधला. पुन्हा सरपटत वर गेली. आणखी एक सापडला, तोही इवलासा, शेणाचा खडा झालेला. तोही बांधला. मी खाली पंचा तोंडाला धरून उभी होते. रक्तानं माखलेला तो पंचा, आणि वर आकाशात हिरव्या काठाची सुती साडी नेसलेली अक्का, एकेका कौलाखाली बोटं घालून बघणारी. गेली कित्येक वर्षं मला काहीही लागलं, काहीही हरवलं, की मला ती तिथं दिसते. माझ्यासाठी त्यानंतर कुणी छपरावर चढलेलं नाही. कुणाला चढ म्हणावं असंही वाटलेलं नाही, कारण सांगितल्यावर चढतं ते माणूस अक्का नव्हे.

खरा दात पन्हळीच्या तोंडाशी, कुजलेल्या पानांत होता. नशीब म्हणजे घाईत अक्का शेण विसरली होती. त्या सकाळी ती विसरली ती हीच एक गोष्ट, आणि तीच उपयोगी पडली.

"स्वल्प धुते की मी, माती आहे."

"घासायचा नाही! थंड दुधात घाल नुसता."

'जागेवर बसवा' हेही अण्णांना आठवलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि सूचनेचा तेवढा भाग वगळला. फ्रिजमधली दुधाची पिशवी फोडली, कॉफीचा स्टीलचा पेला अर्धा भरला, दात आत सोडला. तो तळाशी जाऊन बसला आणि वरून नुसतं दूध दिसायला लागलं.

रिक्षात अक्का मधे बसली, पेला दोन्ही हातांत, वर तळहाताचं झाकण. दवाखाना जयनगरात होता, आणि वाटेवर टेलिफोनवाल्यांनी रस्ता खणून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्याला ती पेला आधी उचलायची, स्वतः नंतर आपटायची.

रिक्षावाल्यानं आरशातून बघत कन्नडमध्ये विचारलं, "देवळात चाललात का अम्मा, दूध घेऊन?"

"दात आहे आत," अक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा आरशात बघितलं नाही. दवाखान्यापर्यंत रिक्षा मात्र सुरेख चालवली.

दवाखाना एका मेडिकलच्या वर, अरुंद जिन्यानं जायचं. शिबिरातल्या त्याच दंतवैद्यांनी आम्हाला लगेच आत घेतलं. त्यांनी पेल्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "किती वेळ?"

"पाऊण तास," अण्णा म्हणाले. आणि मग, सभेत बसल्यासारखं ताठ होऊन, "आपल्या सूचनेप्रमाणे दुधात घातला."

"त्याच्या आधी कुठं होता?"

"छपरावर," अक्का म्हणाली. तिनं लपवलं नाही.

दंतवैद्यांनी मान डोलावली, जणू शहरातले निम्मे दात छपरावरूनच येतात. त्यांनी दात मिठाच्या पाण्यानं धुतला, मला इंजेक्शन दिलं, हिरडीची पोकळी साफ केली आणि दात धरून एका बोटानं वर ढकलला. आतून करकर असा आवाज कानात आला. मग बारीक तारेनं तो शेजारच्या दातांना बांधला. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. पंधरा दिवस पुढच्या दातांनी काही चावायचं नाही. आठवड्यात पुन्हा यायचं, आतली नस काढावी लागेल. गोळ्या लिहून दिल्या. मग त्यांनी अण्णांना विचारलं की लागलं कशानं, आणि उत्तर ऐकून चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक ओळ वाढवली: गेटला तेल.

"किती टिकेल?" अण्णांनी विचारलं.

"सांगता येत नाही. टिकला तर दहा वर्षंही टिकेल. कधी कधी मूळ हळूहळू विरघळत जातं, आतल्या आत. शरीर आपलाच दात परका समजतं." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर पेला मांडीवर घेऊन बसली होती. दूध आता गुलाबी झालं होतं. ती म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू?"

"विचारा की, अम्मा."

"हे असं पूर्वी होत होतं काय? पस्तीस वर्षांमागं?"

दंतवैद्य टॉवेलला हात पुसत वळले. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांच्या धंद्यातल्या माणसाला ते जमणं अवघड असणार. ते म्हणाले, "होत होतं. माहीत असलेले लोक कमी होते, एवढंच."

"काय लागत होतं त्याला?"

"हेच. दूध लागतं. आणि वेळेवर यायला लागतं."

"आमच्याकडे दोन म्हशी होत्या," अक्का म्हणाली.

 खाली बसचा हॉर्न वाजला. अण्णा चिठ्ठीची घडी घालत राहिले, ती किती लहान होते ते बघत असल्यासारखे.

परतीच्या रिक्षात तिनं पदराची गाठ सोडून ते दोन इवले दात माझ्या हातावर ठेवले. "हा तुझा. हा तुझ्या भावाचा असेल बघ." मग बाहेर बघत, "माझा आईनं टाकला. येईल म्हणाली. सोळा वर्षांची होते मी, मला काय कळत नव्हतं काय? पण ती म्हणाली म्हणून सहा महिने रोज आरशात बघत होते." आणि तिचे खांदे हलले. पदर तोंडावर होता. त्या एका वेळी मला ओळखता आलं नाही.

पुढे अण्णांनी गेटला तेल घातलं. गेट इतकं निमूट उघडायला लागलं की कोण आलं-गेलं कळेना. अक्का कचेरीतून आल्याचाही आवाज बंद झाला, आणि ती एकदम स्वयंपाकघरात दिसायची. मला जुन्या गेटच्या करकरीची आठवण येते. चिठ्ठीतल्या सूचना पाळल्या की असंही होतं.

भावाची शेवटची दाढ पडली तेव्हा अक्कानं ती आधी उजेडात धरून मूळ आहे की नाही ते बघितलं, मग शेण आणायला गेली. आणि तिनं प्रचार सुरू केला. भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, कचेरीतल्या सगळ्या विभागांना सांगितलं, बस-स्टॉपवर अनोळखी आयांना थांबवून सांगितलं: पक्का दात पडला तर पांढऱ्या बाजूनं धरा, दुधात घाला, पळा. तिला शाल लागली नाही, समई लागली नाही. निदान दोन पोरांचे दात तिच्यामुळे जागेवर बसले हे मला माहीत आहे. त्यांतल्या एकीची आई दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आली होती. मंडळाच्या अहवालात मात्र त्या वर्षीचं शिबिर 'अत्यंत यशस्वी' झालं ते प्रमुख पाहुण्यांच्या मार्गदर्शनामुळे.

दंतवैद्यांनी अक्कालाही पक्का बसणारा दात करून देतो असं सांगितलं होतं. माझी नस काढायला आम्ही तीनदा गेलो, आणि तीनही वेळा त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "सरी, बघू." ती 'सरी, बघू', म्हणजे 'बरं, बघू', म्हणाली की त्या गोष्टीचं काही होत नसे. घरी मी तिच्या मागे लागले. "आता कुणाला दाखवायचाय गं?" ती म्हणाली. मला दाखव, असं मी म्हणायला हवं होतं. सोळाव्या वर्षी असलं काही सुचत नाही. सुचायला लागतं तोवर बरंचसं उशिराचं सुचत असतं.

माझा दात काळाच्या ओघात जरासा पिवळसर झाला, पण उभा राहिला. लेक्चरमध्ये, मुलाखतींत, पहिल्या नोकरीच्या कंटाळवाण्या मीटिंगांत, कुणी फार गंभीरपणे बोलायला लागलं की माझी जीभ आपोआप त्याच्या मागे जाऊन टेकायची. आहे ना, बघायची. मग मला बरं वाटायचं. माझ्या अंगावर अक्कानं दिलेलं दुसरं काही नव्हतं. तिनं सोन्याच्या दोन बांगड्याही दिल्या होत्या, पण त्या घालून ऑफिसला जाता येत नाही.

अक्का गेली ती झोपेत, कुणाला काही काम न लावता. पुढे अण्णांनी घर बिल्डरला दिलं. मी कोरमंगल्यात राहायला गेले.

अक्कानंतर तो दात चार वर्षं होता. मग हलायला लागला. एका बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसजवळच्या एका दंतवैद्याकडे तो काढून घेतला. मूळ आतल्या आत विरघळून जवळजवळ उरलंच नव्हतं. भूल द्यावी लागली नाही, आणि सगळं मिळून चार मिनिटं लागली.